शुक्रवारचं नाव

आमच्या आईला उपास करायला चर्चने शिकवलं नाही. ती जैनाबादची, तापीपलीकडच्या केळीवाल्या घरातली. चतुर्थी, एकादशी, सोळा सोमवार असं सगळं करून करून तिचं पोट लग्नाआधीच तयार झालेलं. वडील नगरकडचे ख्रिस्ती, पेपर मिलमध्ये नोकरीला आलेले. त्या दोघांचं लग्न कसं जमलं हा विषय आमच्या घरात काढायचा नाही. काढला की आई लाजते आणि मामा चिडतो. तर ती चर्चमध्ये आली ती आपला उपास बरोबर घेऊनच आली. पाळकसाहेबांनी तिला कितीदा सांगितलं, बाई, आपल्यात एवढी सक्ती नाही, मनापासून प्रार्थना केली तरी पुरे. ती म्हणायची, "साहेब, रिकाम्या पोटाचं लवकर ऐकू जातं." आणि हा उपास साबुदाण्याचा, भगरीचा नव्हे हं. पाणी, आणि फार तर काळा चहा. बुऱ्हाणपुरात दिवे लागले की मग वरणभात.

मी आणि माझा नवरा गेली काही वर्षं केनियात असतो. मोठ्या तळ्याकाठचं गाव आहे, तिथल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमची युवा सेवा चालते. इथे बुऱ्हाणपुरात लोकांना वाटतं की आम्ही विदेशात गिटार वाजवत फिरतो. गिटार आहे, तिच्या दोन तारा तुटलेल्या आहेत. बाकी सगळं काम म्हणजे पोरांची भांडणं सोडवणं, शनिवारी फुटबॉल, मुलींना कॉम्प्युटर शिकवणं, परीक्षेत नापास झालेल्याला घरी पोहोचवणं आणि त्याच्या बापाचा राग आपल्या अंगावर घेणं. सुट्टीत शिबिरं. गावात एका गुजराती माणसाच्या दुकानात तूरडाळ मिळते म्हणून आम्ही तगलो, असं मी सगळ्यांना सांगते. माझ्या पोळ्या तिथल्या पोरांना पापडासारख्या वाटतात; त्यांची चपाती चांगली जाडजूड असते.

दर गुरुवारी संध्याकाळी आईचा फोन ठरलेला. तब्येत, पाऊस, भाजीचा भाव, सगळं होऊन गेलं की ती म्हणायची, "हं, उद्याचं नाव सांग." मतलब शुक्रवारच्या उपासाचं. आमच्या पोरांपैकी कोणासाठी तरी ती उपाशी राहायची. पण नाव एकच. मी एकदा हौसेने पाच-सहा नावं सांगितली तर भडकली माझ्यावर. "एक दिवसाची भूक अन् वाटेकरी एवढे? कोणाच्या वाटेला काय येईल?" मग मी एकच सांगायची. तिकडची नावं तिच्या जिभेवर बसायची नाहीत. ती तीनतीनदा घोकायची, मध्येच हसायची, "असं कसं वं नाव हे, परत सांग." पण एकदा बसलं की पक्कं.

ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा सातवी-आठवीत असेल. एकुलती एक. बाप लहानपणीच गेलेला, आई बाजारात तळ्यातली बारीक सुकी मासळी विकायची. मुलीला सिकल सेलचा आजार होता. हाडं दुखायला लागली की ती आठ-आठ दिवस उठायची नाही, रक्त चढवावं लागायचं. शनिवारी फुटबॉल चालू असताना ती बाजूला खुर्ची टाकून बसायची आणि तिथून रेफरीला शिव्या घालायची. रेफरी आमचे साहेब, मतलब माझा नवरा. "पास्टर, तुमचे डोळे चर्चमध्ये राहिले का?" असं सगळ्यांसमोर ओरडायची आणि पोरं खदखदा हसायची. आमचे साहेब रागवायचे, पण पुढच्या शनिवारी तिची खुर्ची आमच्या घरून स्वतः आणून ठेवायचे.

मी आईला तिच्याबद्दल सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या खकनारकडच्या आदिवासी पोरांना होतं तेच." चर्चच्या बायकांबरोबर ती त्या बाजूच्या गावांमध्ये तपासणीच्या शिबिराला जायची, चहा वाटायला. तिने तिथे अशी पोरं पाहिलेली होती, दुखण्याने कळवळणारी. "तिला पाणी पाज भरपूर. थंडीत फिरू देऊ नको," असं मला बजावून तिने त्या मुलीचं नाव घेतलं ते सोडलंच नाही. पुढच्या गुरुवारी मी दुसरं नाव सांगायला गेले तर म्हणाली, "त्याला जावईबापू बघतील. माझ्याकडे पोरगी आहे."

आणि मी काय केलं? मी ते त्या मुलीच्या आईला सांगितलं. बाजारात तिच्या टोपलीसमोर उभं राहून सांगितलं, की माझी आई भारतात तुमच्या मुलीसाठी दर शुक्रवारी उपाशी असते. ती बाई माशा हाकलत होती, तिचा हात थांबला. "काहीच खात नाही? म्हातारी बाई?" तेव्हापासून ती भेटली की पहिल्यांदा विचारायची, "तुमची आई जेवते ना नीट?" वजनापेक्षा मूठभर मासळी जास्त टाकायची. मी नको नको म्हणायची आणि पिशवी पुढे करायची. खरं सांगते, मला फार बरं वाटायचं. उपाशी राहायची आई आणि मान मिळायचा मला. तेव्हा यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ईस्टरच्या आधी मुलगी जरा बरी होती. मी फोनवर तसं सांगितलं, आणि आमच्या आईने ईस्टरच्या रविवारी भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली, की परदेशातल्या एका पोरीचं दुखणं कमी झालं, देवाने ऐकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मला हे सांगताना तिचा आवाज एवढा खूश होता की काय सांगू. त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला, छातीत दुखायला लागलं. आम्ही दवाखान्यात नेलं. रक्त मिळेपर्यंत उशीर झाला, आणि मिळालं तेव्हा उपयोग नव्हता. तिची आई व्हरांड्यात बसली होती. मला पुढे जाऊन तिला सांगायचं धाडस झालं नाही, माझ्या नवऱ्याने सांगितलं.

त्यानंतरच्या गुरुवारी आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "कशी आहे वं पोरगी?"

"तशीच आहे," मी म्हटलं.

नवरा समोर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "हे काय बोललीस तू?"

"पुढच्या आठवड्यात सांगते. आत्ताच टाळ्या घेऊन बसलीय ती. लगेच कसं सांगू?"

"तू सांग, नाहीतर मी सांगतो."

"माझी आई आहे. मी बघते."

मी असं तोडून टाकलं की तो गप्पच बसतो, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. तो गप्प बसला. पण त्यानंतर दर गुरुवारी फोन वाजला की उठून अंगणात जायचा. मी फोनवर खोटं बोलायची आणि खिडकीतून मला त्याची पाठ दिसायची. असा संताप यायचा मला त्या पाठीचा! जसं काही खोटं मी एकटीच्या सुखासाठी बोलत होते.

कारणं तर काय, पुष्कळ होती. आधी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, रडून चालणार नव्हतं. मग उन्हाळा कडक होता. मग तिच्याजवळ राहणारा माझा भाऊ कामासाठी बाहेरगावी, घरात ती एकटी. असल्या बातम्या एकट्या माणसाला फोनवर देऊ नयेत, हे मी स्वतःलाच समजावायची. वर म्हणायची, तिचा विश्वास डगमगेल. विश्वास डगमगला होता तो माझा. पोरांसमोर उभी राहून मी देव ऐकतो म्हणून शिकवायची आणि घरी आले की त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला चीड यायची. मला भीती वाटत होती की आई विचारेल, मग माझ्या उपासाचं काय झालं? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याचं उत्तर नाही तो प्रश्नच येऊ द्यायचा नाही, एवढी साधी लबाडी होती ती.

उपास तरी सोडवावा म्हणून मी काय काय केलं! एका मुलाची परीक्षा आहे, त्याचं नाव घे म्हटलं. आई म्हणाली, "परीक्षेला अभ्यास लागतो, उपास नाही लागत." तुला शुगर आहे, डॉक्टर काय म्हणतात ते ऐक म्हटलं. "डॉक्टरला काय माहीत, ती पोरगी मला सांगायला थोडीच येते की आजी जेव." तरी मी म्हटलं, "बरं, काळजी घे," आणि फोन ठेवला.

मग शेजारच्या काकूंचा फोन आला. शुक्रवारी नळावर पाणी भरताना आईला चक्कर आली आणि ती ओट्याच्या कडेवर पडली. कपाळाला टाके पडले. शुगर एकदम खाली गेली होती. काकू म्हणाल्या, "अगं, काही खातच नही ना वो शुक्रवारी. तू सांग तिला, तुझं ऐकते." मी हो हो म्हणत राहिले. माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी सुट्टीचा अर्ज टाकला.

आम्ही बुऱ्हाणपूरला आलो ते गणपतीचे दिवस होते. गल्लीच्या तोंडाशी मंडप, दिवसभर स्पीकर. आईने दारातच माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि म्हणाली, "किती वाळली वं तू." तिच्या कपाळावर टाक्यांची लाल रेघ आणि ती मला म्हणते वाळलीस. त्याच दिवशी सांगायचं असं ठरवून आले होते. पण मामा आला, मामी आली, केळीचा घड आला, चर्चच्या बायका आल्या. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. असं करत करत शुक्रवार आला आणि आई सकाळी काळा चहा घेऊन तयार होऊन बसली. "आई, आज तरी खा," म्हटलं तर म्हणाली, "तू आली म्हणून पोरीला उपाशी ठेवू का?" मतलब तिच्या हिशेबी जेवण तिचं नव्हतंच, त्या मुलीचं होतं.

आमच्या चर्चमध्ये शुक्रवारी दुपारी उपास-प्रार्थनेची छोटी सभा असते. दहा-पंधरा बायका, दोन-तीन म्हातारे, वर कुरकुरणारे पंखे. बाहेरून ढोल ऐकू येत होता. पाळकसाहेबांनी माझ्या नवऱ्याला पुढे बोलावलं, परदेशातल्या सेवेबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. तो थोडक्यात बोलला. आणि मग आमची आई उठून उभी राहिली. पदर सारखा केला आणि हिंदीत म्हणाली, की माझ्या त्या पोरीसाठी आज सगळ्यांनी प्रार्थना करा, आणि जावईबापू तिच्याजवळ असतात तर तेच प्रार्थना करतील.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. एवढंच केलं मी. उठता आलं असतं, म्हणता आलं असतं, पण मी सतरंजीकडे बघत बसले आणि सगळं त्याच्यावर टाकलं.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायकांना वाटलं त्याला भरून आलंय. मग तो म्हणाला, "प्रभू, तिच्या आईला धीर दे. त्या एकट्या आईला धीर दे. आणि आम्हाला क्षमा कर." बस. आमेन.

आमच्यात प्रार्थना करताना कोणासाठी काय मागायचं हे ठरल्यासारखं असतं. आजाऱ्यासाठी आरोग्य मागतात, परीक्षेच्या पोरासाठी बुद्धी मागतात. घरच्यांसाठी नुसता धीर मागतात तो माणूस गेल्यावर. संडे स्कूलच्या पोरालाही एवढं कळतं. बायकांनी सवयीने आमेन म्हटलं, एक-दोघींनी डोळे उघडून आईकडे बघितलं. आई आमेन म्हणाली नाही.

रिक्षात ती माझ्या आणि त्याच्या मध्ये बसली होती. घरी आल्यावर चपला काढल्या, हातपाय धुतले, पाटावर बसली आणि मला म्हणाली, "कधी गेली?"

"ईस्टरनंतर."

"ईस्टरनंतर." तिने बोटांवर महिने मोजले. "मतलब, मी आंब्याच्या दिवसात मागत होती तेव्हा ती नव्हती. पावसात मागत होती तेव्हाही नव्हती."

"आई, मला..."

"गप. मला बोलू दे. मी त्याच्यासमोर हात जोडून सांगून राहिली, माझ्या पोरीला उठव, तिचे गुडघे दुखू देऊ नको, तिला पळू दे एकदा त्या फुटबॉलमागे. अन् ती त्याच्याच जवळ बसली होती! काय म्हटलं असेल त्यानं? या बुढीला कोणी काही सांगत नाही का म्हटलं असेल."

मला रडता रडता हसू फुटलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की मी पदरात तोंड घातलं. नवरा म्हणाला, "आई, चूक माझीही आहे. मी सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही गप ऱ्हा, जावईबापू. तुम्ही आज तरी खरं मागितलं." मग माझ्याकडे वळली. "तू का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तुझा विश्वास..."

"माझ्या विश्वासाचा ठेका तू कधी घेतला वं? तुझे वडील गेले तेव्हा मी कुठे गेली होती? दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये जाऊन बसली होती ना? तू मला समजते काय?" तिचा आवाज चढला होता. एवढी चिडलेली मी तिला लहानपणी, मी शाळा बुडवली तेव्हाच पाहिलं होतं.

मग ती एकदम शांत झाली. तिने विचारलं, "तिची माय काय म्हणाली?"

हेच मला नको होतं. बाकी सगळं परवडलं असतं. तिकडे माती देतात ती घराच्या अंगणातच. सगळं आटोपल्यावर लोक पांगायला लागले तेव्हा त्या बाईने माझं मनगट धरलं होतं. तिचे हात थंडगार होते. ती मला म्हणाली होती, "तुमच्या आईला सांगा, तिने खूप केलं. आता तिला जेवायला सांगा."

मी ते आईला सांगितलं. जसंच्या तसं.

आईचा हात आपोआप कपाळाच्या रेघेवर गेला. "हे तिने तेव्हाच सांगितलं?"

"हो."

"अन् तू मला आज सांगून राहिली."

ती उठली. मी पुढे झाले तर तिने माझा हात बाजूला सारला. स्वतः ताट घेतलं, आमच्यासाठी शिजवून ठेवलेला भात वाढून घेतला, त्यावर तुरीचं वरण घेतलं, आणि बसली. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. शुक्रवारी उजेडात जेवताना मी आईला जन्मात पाहिलं नव्हतं. ती जेवत होती आणि डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती. नवरा दाराला टेकून उभा होता. मंडपातला स्पीकर चालूच होता.

अर्धा भात झाल्यावर तिने ताटाकडे बघतच विचारलं, "तिचं नाव काय?"

"कोणाचं?"

"त्या मायचं. पोरीचं तर मला पाठ आहे."

तिकडे बाईला लेकराच्या नावानेच हाक मारतात. बाजारातले, चर्चमधले, आम्ही, सगळे तिला त्या मुलीची आई म्हणूनच बोलवायचो. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"आम्ही तिला पोरीच्या नावानेच हाक मारायचो," मी म्हटलं. "अमकीची आई, असं."

आईचा घास ताटातच राहिला. "अन् आता काय म्हणून हाक मारतात तिला?"

ते मला माहीत नव्हतं. माती दिली त्या दिवसानंतर मी तिच्या दारात गेलेच नव्हते.